दुकान विकावे, नाव राखावे

मराठी भाषेत नावाचा व्याप मोठा आहे. माणूस नावारूपाला येतो, नाव कमावतो, घराण्याचे नाव राखतो. एखादा करंटा निघाला तर ते बुडवतो. गुणी मुलगा बापाचे नाव काढतो आणि वाह्यात मुलामुळे लोक सगळ्या घराला नावे ठेवतात. पण नाव बाजारात मांडून विकता येते, ही कल्पना आपल्या वाक्प्रचारांत कुठेही डोकावत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेल्या भाषेला ती गरजच पडली नाही. आज मात्र ती वेळ आपल्या ओळखीच्या, शेजारपाजारच्या घरांवर येऊन ठेपली आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि भारतात इंटरनेट स्वस्त झाले. त्यानंतरच्या काळात किती साध्या घरांतून किती गुणवंत पुढे आले, याचा विचार केला तर मन प्रसन्न होते. कुणी गृहिणी स्वयंपाकघरात भ्रमणध्वनी उभा करून पाककृती सांगू लागली आणि पुढे तिच्या नावाचा गोडा मसाला घरोघरी पोहोचला. कुणी निवृत्त शिक्षक संस्कृत संभाषणाचे वर्ग घेऊ लागले. कुणी योगशिक्षिका पहाटे साडेपाचला ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या साधकांना एकाच वेळी आसने शिकवू लागली. या साऱ्यांना दुकान नव्हते, भांडवल नव्हते, जाहिरातीला पैसा नव्हता. होते ते फक्त नाव आणि त्या नावावर लोकांनी टाकलेला विश्वास. आजच्या भाषेत याला ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. आपण त्याला माणसाच्या पतीवर उभा राहिलेला उद्योग म्हणू.

अशा उद्योगाला वर्षे लोटतात, वय वाढते, मुले वेगळ्या वाटेने जातात आणि एके दिवशी कुणी मोठी कंपनी विचारते, ‘हे सारे आम्हाला विकता का?’ अशा वेळी घरात सहसा दोनच सूर निघतात. एक म्हणतो, ‘छे, नाव विकायचे? लोकांचा विश्वासघात होईल.’ दुसरा म्हणतो, ‘रक्कम मोठी आहे, सही करून मोकळे व्हा.’ पहिल्या सुरात भाबडेपणा आहे आणि दुसऱ्यात उतावीळपणा. उद्योग विकणे हे पाप नाही. तयारीवाचून विकणे हा मात्र स्वतःशी, हाताखालच्या माणसांशी आणि विश्वास टाकणाऱ्या समाजाशी केलेला अविचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव गेले म्हणजे काय जाते?

पाश्चात्त्य जगाने या वाटेवर आपल्या आधी ठेचा खाल्ल्या आहेत. त्या पाहून शहाणे होण्यात कमीपणा नाही. इंग्लंडमधील वस्त्ररचनाकार कॅरन मिलेन यांनी १९८१ मध्ये आपल्या नावाने व्यवसाय उभारला आणि २००४ मध्ये तो विकला. पुढे त्यांना स्वतःच्याच नावाने नवे काही सुरू करावेसे वाटले, तेव्हा विक्रीच्या करारातील अटी आड आल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निर्णय दिला. इकडे त्या नावाचा प्रवास मात्र चालूच राहिला. २०१९ मध्ये बूहू या कंपनीने त्या नावाचा ऑनलाइन व्यवसाय विकत घेतला. आईवडिलांनी पाळण्यात ठेवलेले नाव बाजारात हिंडत होते आणि ते धारण करणारी बाई दाराबाहेर उभी होती!

अमेरिकेतील बॉबी ब्राउन यांची कथा थोडी वेगळी आहे. सौंदर्यप्रसाधनांचा आपला व्यवसाय त्यांनी १९९५ मध्ये एस्टी लॉडर कंपनीला विकला. त्या करारात पंचवीस वर्षे स्पर्धा न करण्याची अट होती. २०१६ मध्ये त्या कंपनीतून बाहेर पडल्या, तरी अट संपेपर्यंत हात बांधलेलेच राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये ती मुदत संपताच वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी नवा व्यवसाय सुरू केला, पण ‘जोन्स रोड’ या वेगळ्याच नावाने. स्वतःचे नाव त्यांना वापरता आले नाही.

या दोघीही कर्तबगार आणि यशस्वी. त्यांना कुणी फसवले असेही नाही. त्यांनी सह्या केल्या होत्या. पण सही करताना आपण दुकान विकतो आहोत की स्वतःला, हा भेद स्पष्ट झालेला नव्हता. आपल्याकडील पाककृती सांगणाऱ्या ताई किंवा संस्कृत शिकवणारे गुरुजी यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहणार आहे. फरक इतकाच, की त्यांच्या पाठीशी निष्णात वकिलांची फौज असणार नाही.

मुख्यशिक्षक गावाला गेला तरी शाखा लागते

हा भेद समजून घ्यायला आपल्याला परदेशी व्यवस्थापनशास्त्राकडे जाण्याची गरज नाही. १९२५ मध्ये संघ सुरू केल्यावर डॉक्टर हेडगेवारांपुढे गुरुस्थानी कुणाला मानायचे, हा प्रश्न होता. ते स्वतः संस्थापक होते. स्वयंसेवकांची त्यांच्यावर नितांत श्रद्धा होती. तरीही १९२८ च्या गुरुपूजनात त्यांनी कोणत्याही व्यक्तीला, स्वतःलाही नव्हे, तर भगव्या ध्वजाला गुरुस्थानी बसवले. व्यक्ती कितीही थोर असली तरी ती चुकू शकते, थकते आणि एक दिवस जाते. तत्त्व आणि पद्धती टिकतात. १९४० मध्ये डॉक्टर गेले आणि कार्य थांबले नाही, याचे बीज त्या निर्णयात होते. शाखेवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे अनुभवाने ठाऊक आहे. मुख्यशिक्षक गावाला गेला तरी शिट्टी वाजते, ध्वज लागतो, प्रार्थना होते.

व्यक्तीच्या नावावर चालणाऱ्या उद्योगाला हीच कसोटी लावून पाहावी. चातुर्मासातले एखादे व्रत घ्यावे तसे एक महिनाभर कॅमेऱ्यासमोर न येण्याचे ठरवावे. वर्ग चालतात का? मागण्या वेळेवर रवाना होतात का? तक्रारीला उत्तर मिळते का? यांचे उत्तर ‘नाही’ असेल तर विकण्याजोगा उद्योग अजून उभाच राहिलेला नाही. आहे ती केवळ एका माणसाची मेहनत. मेहनत विकता येत नाही, ती भाड्याने द्यावी लागते. कंपनी अशा वेळी पैसे देते, पण बदल्यात त्या माणसाला वर्षानुवर्षे बांधून ठेवते.

यावर एक आक्षेप येतो, ‘चेहराच बाजूला काढला तर किंमत कोण देणार?’ व्यवहार नेमका उलटा आहे. खरेदीदाराला सर्वांत मोठी भीती हीच असते, की चेहरा गेला तर ग्राहकही जाईल. म्हणून तो किंमत पाडतो, रकमेचा मोठा भाग मागे ठेवतो आणि पुढील वर्षांच्या उत्पन्नाशी बांधतो. चेहऱ्यावाचून चालणाऱ्या व्यवस्थेला रोख दाम मिळतो.

ब्रिटनमधील पत्रकार मार्टिन लुईस यांनी २००३ मध्ये अवघ्या शंभर पौंडांत ग्राहकांना काटकसरीचा सल्ला देणारे संकेतस्थळ सुरू केले. लोकांचा विश्वास होता तो लुईस यांच्यावर. पण त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘मनीसेव्हिंगएक्स्पर्ट’, आपले नाव त्यात घातले नाही. संपादकांची तुकडी उभी केली, कामाचे नियम बांधले. २०१२ मध्ये मनीसुपरमार्केट या कंपनीने ते विकत घेतले, तेव्हा सौद्याची कमाल किंमत ८ कोटी ७० लाख पौंड ठरली. त्याहून महत्त्वाचे हे, की संकेतस्थळ कोणत्या नीतीने चालेल याची संपादकीय संहिता विक्रीच्या अटींत गोवली गेली. जाहिरातदाराचे हित वाचकाच्या हिताआड येणार नाही, ही ग्वाही नव्या मालकालाही बांधील झाली. लुईस यांनी मिळालेल्या रकमेतून एक कोटी पौंड समाजकार्याला देण्याचे जाहीर केले. विकावे कसे याचा हा वस्तुपाठ आहे.

आपल्या देशातही अलख पांडे यांनी यूट्यूबवर एकट्याने भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली. पण नाव ठेवले ‘फिजिक्सवाला’. म्हणूनच पुढे शेकडो शिक्षक त्या नावाखाली उभे राहू शकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. आणखी जुने उदाहरण घरचेच आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईचा उद्योग सुरू केला, त्यातून ‘कॅमलिन’ उभे राहिले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यातील बहुसंख्य हिस्सा घेतला. नाव मालाचे होते, घराण्याचे नव्हते. त्यामुळे मालकी बदलली तरी दांडेकरांचे आडनाव दांडेकरांपाशीच राहिले.

तयारी कशाची करायची?

विक्रीची तयारी विक्रीच्या महिन्यात होत नाही. मुलीच्या लग्नाची तजवीज ती शाळेत असतानाच सुरू होते, तसे हे आहे. तीन-चार वर्षे हाताशी ठेवावीत.

पहिली गोष्ट हिशेबाची. आपल्या घरगुती उद्योगांत घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालतो. वाण्याचे बिल, मुलाची फी आणि मसाल्याच्या डब्यांची खरेदी एकाच ठिकाणी. अनेकदा कष्ट पत्नीचे आणि खाते पतीचे, अशीही स्थिती असते. ज्या बाईच्या नावावर लोक विश्वास ठेवतात, तिचे नाव कागदोपत्री कुठेच नसते. हे आधी सुधारले पाहिजे. कंपनी किंवा भागीदारी संस्था रीतसर नोंदवावी, बँकेचे खाते वेगळे करावे, सनदी लेखापालाकडून किमान तीन वर्षांचे हिशेब तपासून घ्यावेत. खरेदीदार कीर्तीची स्तुती करतो, पण किंमत हिशेबाला देतो.

दुसरी गोष्ट मालकीची. संकेतस्थळाचे डोमेन कुणा भाच्याच्या नावावर, वाहिनी वैयक्तिक जीमेल खात्याशी जोडलेली, बोधचिन्ह कुणा ओळखीच्या मुलाने फुकट काढून दिलेले, चित्रफितींचे संगीत कुठून तरी उचललेले, असा प्रकार सर्रास आढळतो. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते. प्रत्येक वस्तूचा कागद हवा.

तिसरी गोष्ट पायाची. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. राष्ट्रहिताचा तो निर्णय योग्यच होता. पण त्या रात्री महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कित्येक कलाकारांचे लाखो प्रेक्षक एका क्षणात नाहीसे झाले, हेही खरे आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर, तेही परदेशी कंपनीच्या जमिनीवर, बांधलेले घर कितीही देखणे असले तरी सात-बारा आपल्या नावावर नसतो. आपले स्वतःचे संकेतस्थळ, ग्राहकांशी थेट पत्रव्यवहार, एकाहून अधिक ठिकाणांहून येणारे उत्पन्न, ही स्वावलंबनाची शिदोरी आहे. खरेदीदारही सर्वप्रथम हेच पाहतो.

चौथी गोष्ट माणसांची. पाककृतीचे प्रमाण, मसाला भाजण्याची पद्धत, वर्गाचा अभ्यासक्रम, तक्रारींना उत्तर देण्याची रीत, हे सारे लिहून काढावे. दोन-तीन सहकाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर आणावे, त्यांचेही कौतुक होऊ द्यावे. ‘माझ्याशिवाय कुणाला जमणार?’ हा अहंकार कीर्तीच्या मुळावर येतो. आणि ज्या भगिनी वर्षानुवर्षे पुड्या भरत आल्या, त्यांचे विक्रीनंतर काय, याचे उत्तर करारात असले पाहिजे. दीनदयाळजींनी व्यक्ती, कुटुंब, समाज यांचा जो एकात्म विचार मांडला, तो अशाच व्यवहारात उतरायचा असतो.

कायद्याचे कवच

सामान्य कुटुंबांना ठाऊक नसलेल्या काही तरतुदी येथे सांगणे अगत्याचे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम सांगते, की कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. त्याला अपवाद आहे तो नेमका नावलौकिक विकणाऱ्याचा. त्याने ठरावीक स्थानिक हद्दीत तसाच व्यवसाय न करण्याचे मान्य केले, तर वाजवी मर्यादेत ती अट वैध ठरू शकते. हे कलम लिहिले गेले तेव्हा दुकानाला पेठ होती, गाव होते. ज्या वर्गात ठाणे आणि न्यू जर्सी एकत्र बसतात, त्याची हद्द कुठली? म्हणून अट किती वर्षांची, कोणत्या विषयापुरती, कोणत्या प्रदेशापुरती, हे काटेकोर लिहून घ्यावे. आयुष्यभर तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर सही करू नये.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे ३५ वे कलम स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला संरक्षण देते. पण आपणच ते नाव विकून टाकल्यावर या कलमाच्या आडोशाला उभे राहता येईल, या भ्रमात राहू नये. त्यासाठी सुरुवातीलाच दोन नावे वेगळी करावीत. उद्योगाला स्वतंत्र नाव द्यावे, ते उद्योगाच्या मालकीचे म्हणून नोंदवावे आणि विक्रीत तेच द्यावे. आपले व्यक्तिनाम आपल्याकडे ठेवावे. फार तर ठरावीक काळासाठी वापरण्याची परवानगी द्यावी. किर्लोस्कर घराण्याने आपल्या नावाचे व्यापारचिन्ह ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी’ या स्वतंत्र कंपनीच्या स्वाधीन केले आणि इतर कंपन्या ते परवान्याने वापरू लागल्या. पुढील पिढ्यांत वाद झाले, न्यायालयापर्यंत गेले. तरी नाव ही वेगळी जपण्याची ठेव आहे, ही मूळ दृष्टी अनुकरणीयच आहे.

स्वामित्व हक्क विकल्यावरही लेखकाचा एक विशेष अधिकार त्याच्याजवळच राहतो. आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास त्याला दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यालाही असेच संरक्षण मिळाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात त्याचे मोल अपार आहे. विकलेल्या वाहिनीवर उद्या आपल्याच चेहऱ्याने, आपल्याच आवाजात, आपण कधीही न उच्चारलेली वाक्ये बोलली जाऊ शकतात. गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची अशी नक्कल होऊ लागली, तेव्हा जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. प्रत्येकाला न्यायालयात जाणे परवडत नाही. म्हणून ‘चेहरा आणि आवाज वापरून नवे काहीही निर्माण करता येणार नाही’ हे वाक्य करारात असलेच पाहिजे.

राहिला प्रश्न ग्राहकांच्या यादीचा. हजारो घरांचे दूरध्वनी क्रमांक, पत्ते, कुणाला मधुमेह आहे, कुणाचे गुडघे दुखतात, हे सारे त्या यादीत असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांचा गाभा हा आहे, की माहिती ज्या कारणासाठी दिली, त्याच कारणासाठी वापरावी. कायद्याच्या आधीही आपला धर्म हेच सांगत होता. योगशिक्षिकेला विश्वासाने सांगितलेले दुखणे उद्या औषध कंपनीच्या जाहिरातीचे सावज होत असेल, तर तो सौदा कायदेशीर ठरला तरी अधर्मच म्हणावा लागेल. मालक बदलत असल्याचे ग्राहकांना आधी सांगावे आणि ज्याला यादीतून बाहेर पडायचे असेल त्याला सन्मानाने बाहेर पडू द्यावे.

द्यायचे कोणाला?

स्वदेशीचा विचार मानणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. १९९३ मध्ये ‘थम्स अप’ कोकाकोलाच्या हाती गेले, त्याची खंत अनेकांच्या मनात आजही आहे. त्याच रमेश चौहान यांनी ‘बिसलेरी’ टाटांना देण्याची बोलणी २०२२ मध्ये केली. मार्च २०२३ मध्ये ती थांबली. विकण्याच्या बोलण्यांतून मागेही फिरता येते, हाही त्यातला धडा आहे. वस्त्ररचनाकार सब्यसाची मुखर्जी यांनी जानेवारी २०२१ मध्ये आपल्या व्यवसायातील ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांना आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीला दिला आणि रचनेची सूत्रे स्वतःकडे ठेवली. तोलामोलाचा भारतीय खरेदीदार मिळत असेल तर पहिला विचार त्याचाच व्हावा. पण केवळ मालकाचे पारपत्र पाहून स्वदेशी सिद्ध होत नाही. मराठीतून शिकवणे चालू राहील का, मालाची शुद्धता टिकेल का, इथल्या हातांना काम राहील का, हे प्रश्न भारतीय खरेदीदारालाही विचारले पाहिजेत आणि उत्तरे कागदावर घेतली पाहिजेत.

आपल्या मध्यमवर्गाने पैशाकडे तुच्छतेने पाहण्याचा एक काळ होता. तो सरला, हे बरेच झाले. पण लक्ष्मीच्या स्वागताला दार उघडताना घरातली ठेव रस्त्यावर जाऊ नये. कष्टाने उभारलेल्या उद्योगाचे योग्य मोल घेणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. लोकांनी आपल्या हाती दिलेला विश्वास मात्र आपल्या मालकीचा नसतो, तो सांभाळायला दिलेला असतो. म्हणून ज्यांच्या घरी असा उद्योग रुजतो आहे, त्यांनी खरेदीदाराची वाट न पाहता या दिवाळीला वही उघडावी आणि दोन स्तंभ आखावेत. एकात उद्योगाचे जे जे आहे ते लिहावे, दुसऱ्यात आपले स्वतःचे. पहिला स्तंभ उद्या कुणाच्याही हाती निःशंकपणे देता यावा इतका नेटका करावा. दुसऱ्याला किंमत लावू देऊ नये.